कच्चं लिंबू नको, पास द्या

 

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काही नाही. आज खेळाबद्दल बोलायचं आहे. पण हे ऐकून उठू नका. खेळाचे नियम कोण करतं, कोणासाठी करतं आणि ते पाळले जातात की नुसते कागदावर राहतात, हा प्रश्न आपल्या गटालाही लागू आहे आणि ग्रामपंचायतीलाही.

लहानपणी आपण सगळ्या लगोरी, लपंडाव, विषामृत खेळलो. मुलं-मुली एकत्रच असायची. त्यात एखादं लहान पोर हट्ट करून आलं की आपण म्हणायचो, "येऊ दे, ते कच्चं लिंबू." म्हणजे त्यानं पळायचं, ओरडायचं, पण ते बाद झालं तरी बाद नाही आणि त्यानं कोणाला बाद केलं तरी ते धरायचं नाही. खेळात आहे, पण हिशोबात नाही. हे कच्चं लिंबू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजची गोष्ट कॅनडा देशातली आहे. तिथे थंडी इतकी की तळी गोठतात. त्या बर्फावर पायात धारदार पात्यांचे बूट घालून हॉकी खेळतात. तिथलं हॉकीचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच. पण बर्फाचं मैदान, ते बूट, अंगावरची जाड गादीसारखी कवचं, हे सगळं खर्चाचं काम. म्हणून टोरांटो शहरात १९३६ साली सॅम जॅक्स नावाच्या तरुणानं व्यायामशाळेच्या साध्या लाकडी जमिनीवर खेळता येईल अशी हॉकी तयार केली. हीच फ्लोअर हॉकी. बर्फ नको, पात्यांचे बूट नकोत. सरळ काठी आणि मध्ये भोक असलेली दाबलेल्या लोकरीची चकती. काठीचं टोक भोकात घालायचं, चकती ओढत न्यायची आणि गोल करायचा. सॅम जॅक्स ज्या संस्थेत काम करत होता तिचं नाव वायएमसीए. त्या नावाचा अर्थच "तरुण पुरुषांची" संस्था. तेव्हा सुरुवातीला हा खेळ कोणासाठी होता, ते सांगायला नको.

हॉकीत बायकांसाठी दार बंद असणं नवीन नव्हतं. इंग्लंडमध्ये १८९५ साली मैदानी हॉकी खेळणाऱ्या बायकांनी स्वतःची संघटना काढली आणि पुरुषांच्या संघटनेकडे जोडून घ्या म्हणून अर्ज केला. उत्तर आलं, आमची संघटना फक्त पुरुषांची आहे. त्या रडत बसल्या नाहीत, आपला कारभार आपणच चालवू लागल्या. तरी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची हॉकी १९०८ साली आली आणि बायकांची थेट १९८० साली, मॉस्कोला. मधली बहात्तर वर्षं मोजा.

आता परत टोरांटोला येऊ. १९५५ च्या हिवाळ्यात तिथे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, अॅबी हॉफमन. भाऊ हॉकी खेळायचे, तिलाही खेळायचं होतं. मुलींचा संघच नव्हता. तिचे केस आखूड होते. मुलांच्या संघात नोंदणी करायला ती गेली आणि "अॅब" या नावानं तिची नोंद झाली. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलेलं कोणी नीट पाहिलं नाही. ती हंगामभर खेळली, बचाव फळीत, आणि इतकी चांगली खेळली की निवडक खेळाडूंच्या संघात तिचं नाव आलं. त्यासाठी दाखले पुन्हा तपासले आणि मग कळलं की हा मुलगा नाही, ही मुलगी आहे. १९५६ साली ही बातमी देशभर गेली. बघा मैत्रिणींनो, खेळ तोच, काठी तीच, पोर तेच. दाखला वाचेपर्यंत ती उत्तम खेळाडू होती, वाचल्यावर अडचण झाली. पुढे ती धावपटू झाली, सलग चार ऑलिंपिकमध्ये धावली आणि १९८१ साली कॅनडा सरकारच्या क्रीडा विभागाची पहिली महिला प्रमुखही झाली.

तोवर सॅम जॅक्स टोरांटो सोडून नॉर्थ बे नावाच्या गावी गेला होता. तिथे गावाच्या बागा आणि खेळांचा कारभार त्याच्याकडे होता. त्याला मुलगेच तीन, मुलगी नाही. पण बर्फाच्या मैदानावर सगळ्या वेळा मुलांनाच मिळतात, मुली कडेला उभ्या राहतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९६३ साली त्यानं मुलींसाठी नवा खेळ मांडला, रिंगेट. सरळ काठी आणि रबरी कडं. एस्पानोला या गावात रेड मॅकार्थी नावाच्या त्याच्या सहकाऱ्यानं शाळेतल्या मुलींना घेऊन त्याचे नियम बसवले. अंगावर जाऊन धडक द्यायची नाही, हा एक नियम. दुसरा आम्हाला फार आवडतो. मैदानावर निळ्या रेषा आखलेल्या असतात. कडं घेऊन एकटीनं ती रेषा ओलांडायची नाही. रेषेपलीकडच्या मैत्रिणीकडे पास द्यायचा, मगच खेळ पुढे जातो.

याचा अर्थ काय? कितीही जोरात पळणारी असो, एकटी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊच शकत नाही. दुसरीवर विश्वास टाकावाच लागतो. "सगळ्यांना सामावून घ्या" असं भाषण करण्यापेक्षा जमिनीवर एक रेष आखली, काम झालं. आपल्या गटातही अध्यक्ष, सचिव बदलत राहायच्या, बँकेत दोघी-तिघींच्या सह्या लागायच्या, हे नियम त्याच जातीचे आहेत. एकीनं सगळं ओढून न्यायचं नाही.

पण मुलींचा वेगळा खेळ दिला म्हणजे प्रश्न सुटला का? नाही सुटला. १९८५ साली टोरांटोतच जस्टिन ब्लेनी नावाच्या मुलीनं खेळ दाखवून मुलांच्या बर्फावरच्या हॉकी संघात जागा मिळवली. संघाला ती हवी होती, नियमाला नको होती. तिथल्या मानवी हक्कांच्या कायद्यात भेदभावाला बंदी होती, पण खेळाला सूट दिलेली होती. ती कोर्टात गेली. १९८६ साली ऑंटारिओच्या अपील न्यायालयानं ती सूट घटनेविरुद्ध ठरवली. तरी लगेच मैदान मिळालं नाही, मानवी हक्क मंडळापुढे आणखी लढावं लागलं.

यात एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिला विरोध करणाऱ्यांत बायकांच्या हॉकीची संघटनाही होती. त्यांचं म्हणणं, चांगल्या मुली मुलांच्या संघात गेल्या तर कष्टानं उभे केलेले मुलींचे संघ ओस पडतील. आणि मुलांनीही मुलींच्या संघात हक्क मागितला तर? हे म्हणणं टाकाऊ नव्हतं. बायकांची वेगळी जागाही हवी आणि सगळ्यांच्या जागेत हक्कही हवा. आपणही बायकांचा गट वेगळा ठेवतो आणि ग्रामसभेतही जातो. एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नसतं.

आता फ्लोअर हॉकीकडे येऊ. पुढे हलक्या प्लास्टिकच्या काठ्या आल्या आणि हा खेळ कॅनडा-अमेरिकेत शाळाशाळांच्या व्यायामशाळेत पोचला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी १९६८ साली स्पेशल ऑलिंपिक सुरू झालं, त्यांनीही हा खेळ घेतला. तिथे जिंकण्यासाठी चांगल्या खेळाडूलाच सारखं खेळवायचं नाही, आळीपाळीनं सगळ्यांना संधी द्यायची, असं नियमातच आहे. आणि शहरात कामावरून सुटलेली माणसं संध्याकाळी हौसेखातर खेळू लागली, बायका आणि पुरुष एकाच संघात.

एकत्र खेळायचं म्हटल्यावर नियम बदलावे लागले. काठी मागे उंच नेऊन सपकन फटका मारायचा नाही. काठी कमरेच्या वर न्यायची नाही. अंगानं ढकलायचं नाही, दुसऱ्याच्या काठीवर काठी हाणायची नाही. हे नियम बायका नाजूक म्हणून आहेत असं समजू नका. सकाळी कामावर जाताना हातपाय धड असावेत, ही सगळ्यांचीच गरज असते. बायका आल्या आणि खेळ पुरुषांसाठीही सुरक्षित झाला.

दुसरा नियम संख्येचा. एका वेळी मैदानावर इतक्या बायका असल्याच पाहिजेत. कमी आल्या तर त्यांच्या जागी पुरुष घ्यायचा नाही, तेवढ्या कमी खेळाडूंनी खेळायचं. चांगला नियम. पण मैदानावर काय दिसलं? बायका उभ्या असत, पण चेंडू पुरुषांमध्येच फिरे. संख्या पूर्ण, पास शून्य.

मग काही ठिकाणी तोडगा निघाला की बाईनं केलेला गोल दोन धरायचा. लगेच पास मिळू लागले. पण बायकांमध्येच दोन मतं झाली. काहींना वाटलं, निदान चेंडू तरी येतो, हात बसतो, खेळ सुधारतो. काहींना वाटलं, ही दया झाली, माझा गोल गोलच आहे, त्याला वर चिरीमिरी कशाला? शिवाय काही संघांनी एका बाईला गोलाजवळ नुसतं उभं करून ठेवलं, दोन गुण मिळवायचं यंत्र म्हणून. आठवलं का कच्चं लिंबू? एक गोल हिशोबात न धरणं आणि एक गोल दुप्पट धरणं, दोन्हीत ती बरोबरीची खेळाडू नाहीच.

दुसरा रस्ताही जगात आहे. हॉलंडमध्ये १९०२ साली निको ब्रूखाउसेन या शिक्षकानं कोर्फबॉल नावाचा टोपलीत चेंडू टाकायचा खेळ काढला. आज त्यात संघात चार बायका, चार पुरुष असतात. बाईनं बाईलाच अडवायचं, पुरुषानं पुरुषालाच. चेंडू घेऊन पळायचं नाही, पासच द्यायचा. दोन टोपल्या झाल्या की बचाव करणारे चढाईला आणि चढाईवाले बचावाला, त्यामुळे एकालाच कायम मागे ठेवता येत नाही. कोणाचाही गोल दुप्पट नाही. या खेळाची जागतिक स्पर्धा १९९५ साली आपल्या दिल्लीत झाली होती.

आम्हाला यातला कोणता नियम पटतो? सुरुवातीला संख्येचा नियम हवाच, त्याशिवाय दारच उघडत नाही. १९९३ पासून पंचायतीत आपल्याला एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ साली महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. तो नियम नसता तर आपल्यातल्या किती जणी त्या खुर्चीवर बसल्या असत्या? पण खुर्चीवर बाई आणि सही सांगणार नवरा, म्हणजे मैदानावर उभं राहून पास न मिळणंच. संख्येच्या नियमापाठोपाठ पासचा नियम लागतो. ग्रामसभेत विषय मांडायला तिला उभं केलं का? इतिवृत्त तिला वाचायला मिळालं का? खर्चाचा कागद तिच्या हातात आला का? हे विचारायला हवं.

आणखी एक. हौशी फ्लोअर हॉकीत बऱ्याचदा पंच नसतो. माझी काठी लागली, चूक झाली, असं खेळाडूनं आपणच हात वर करून सांगायचं असतं. पंच नसताना जो नियम पाळतो, त्याच्याबरोबर सगळ्यांना खेळावंसं वाटतं. गटाची पंचसूत्रं, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब, तीही अशीच आहेत. तपासणीला बाई येणार म्हणून वही लिहायची, याला खेळ म्हणत नाहीत.

आता एक काम. ८ मार्चला बहुतेक गावांत संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा होतो. यंदा सोबत लगोरीचा एक डाव ठेवा, बायका आणि पुरुष एकत्र. नियम आधी बसून ठरवा आणि ठरवताना बायकांना बोलू द्या. संघात निम्म्या बायका. ढकलाढकली नाही. चेंडू कमरेखालीच मारायचा. आणि एकाच हातात चेंडू दोनदा लागोपाठ नाही, मधे दुसऱ्याकडे पास गेलाच पाहिजे. साडी खोचून खेळा, नाहीतर पंजाबी ड्रेस घाला, कोणी हसलं तर त्यालाच संघात घ्या. आणि एखादी म्हणाली, "मला कच्चं लिंबू ठेवा गं," तर तिला सांगा, ताई, ते नाही. तू बाद झालीस तर बाद, आणि लगोरी लावलीस तर गुण आपल्या सगळ्यांचा.