घोंगडीचा धागा

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूर आपणांस परके वाटत नाही. परंतु राज्ये लोपली तरी न तुटलेला दुसराही एक धागा आहे, तो लोकरीचा. आपल्या धनगराची घोंगडी तीच येथील कुरुबांची कंबळी. आपला बिरोबा तोच त्यांचा बीरप्पा. दख्खनी मेंढीची राठ लोकर हाताने कातावयाची, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यावयाची, ही रीतही एकच. १८०० साली म्हैसूर राज्यातून फिरताना फ्रान्सिस बुकानन याने कुरुबांच्या या धंद्याची नोंद केली आहे. १८८४ मध्ये बंगळुरात लोकरीची गिरणी निघाली. पुढे ती बिन्नी कंपनीच्या नावाने गाजली, आणि काळाच्या ओघात तीही बंद पडली.

आज हौशी हात खाचांच्या सुईने लोकर टोचून चिमुकले पक्षी-प्राणी घडवितात. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. टोचणीने ते एकमेकांत गुंततात, आणि विणल्यावाचून वस्तू आकारास येते. त्यासाठी मेरिनो, क्वचित पेरूकडील अल्पाकाचीही लोकर वापरतात. दख्खनी लोकरीला मात्र गिऱ्हाईक मिळत नाही. ती अंगाला टोचते खरी. पण सुईला त्याचे काय?