नास्तिकाला उत्तर देण्याची आपली रीत

इंदूरचे राज्य हे देवाच्या नावाने चाललेले राज्य होते. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी इ. स. १७६७ ते १७९५ या काळात जो कारभार केला, त्यात राज्याचा खरा धनी श्रीशंकर आणि आपण केवळ त्याची सेविका, अशीच त्यांची धारणा होती. आज्ञापत्रांवर नाव पडे तेही शंकराचेच. काशीच्या विश्वेश्वराचे देवालय त्यांनी पुन्हा उभे केले. सोमनाथास आणि गयेस मंदिरे बांधली. अशा पुण्याईच्या छायेत ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्या इंदुरातील आम्हां मंदिरनिष्ठ मंडळींपुढे आज एक प्रश्न वारंवार येऊन उभा राहतो. घरातील शिकलासवरला मुलगा वडीलधाऱ्यांचा मान राखतो, कोणाचे वाईट चिंतीत नाही, अडल्यानडल्याला धावून जातो. परंतु आरतीच्या वेळी मात्र बाजूस राहतो आणि विचारल्यास, “देव आहे असे मला वाटत नाही,” असे शांतपणे सांगतो. अशा वेळी घरच्यांनी काय करावे? रागवावे, रडावे, की उत्तर द्यावे?

या प्रश्नाचा निकाल मनाच्या क्षोभावर सोपविण्यापेक्षा आपल्याच पूर्वजांनी तो कसा हाताळला, हे पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘नास्तिक’ हा शब्द पाणिनीच्या व्याकरणात सिद्ध झालेला आहे. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक आणि ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, हे सूत्र सांगत नाही. टीकाकारांनी तेथे परलोक घेतला. मनुस्मृतीने वेदनिंदक तो नास्तिक, असा अर्थ केला. ईश्वर न मानणारा तो नास्तिक, हा आज रूढ झालेला अर्थ या दोहोंहून निराळा आहे. अर्थ बदलला की पंक्तीही बदलतात. मनूच्या मापाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात. परंतु सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शने मात्र आस्तिकांत मोडतात, आणि ईश्वराचा प्रश्न घेतला तर मोठी अडचण नेमकी येथेच उभी राहते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकांत प्रकृती आणि पुरुष यांच्या हिशेबाने सारी सृष्टी मांडली आहे. तीत जगत्कर्त्या ईश्वराची गणना नाही. मीमांसकांचे तर याहून नवल. यज्ञातील एकेका विधीचा ज्यांनी कीस काढला, त्यांच्या मते यज्ञाचे फळ मिळण्यास ईश्वराची आवश्यकता नाही. कर्मापासून ‘अपूर्व’ नावाची शक्ती उत्पन्न होते आणि तीच कालांतराने फळ देते.

सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले कुमारिल भट्ट हे वेदाचे केवढे कैवारी! बौद्धांशी त्यांनी घेतलेली झुंज प्रसिद्ध आहे. त्याच कुमारिलांनी श्लोकवार्तिकात जगत्कर्त्याच्या कल्पनेला उलट प्रश्न विचारले आहेत. सृष्टीपूर्वी दुःखी जीवच नव्हते, तर निर्मात्याला करुणा आली ती कोणाची? करुणेनेच त्याने जग निर्माण केले असेल, तर ते केवळ सुखमय का केले नाही? आज घरातील मुलाने हेच विचारले, तर आपण त्याला परकीय शिक्षणाचा दोष लावतो. प्रत्यक्षात हे प्रश्न आपल्या घरचे आहेत, आणि तेही वेदरक्षकाच्या मुखातून आलेले.

‘मग हे जग केले कोणी?’ हा आस्तिकाचा नेहमीचा प्रश्नही तितकाच जुना आहे. घट दिसला की कुंभाराचे अनुमान होते. त्याप्रमाणे जग हे कार्य आहे, म्हणून त्याचा कोणी कर्ता असलाच पाहिजे, असे नैयायिकांचे म्हणणे. यावर बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने वारुळाकडे बोट दाखविले. वारूळही मातीचेच आणि त्यालाही आकार असतो. एवढ्यावरून ते कुंभाराने घडविले म्हणावयाचे काय? प्रश्न मार्मिक होता, आणि नैयायिकांनी तो तसाच मानला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्य झाले. त्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच रचला. त्याचे पाच स्तबक म्हणजे अनीश्वरवाद्यांच्या पाच आक्षेपांना दिलेली उत्तरे होत. प्रतिपक्षाचा आक्षेप आधी पूर्ण मांडावयाचा, मगच त्याचे खंडन करावयाचे, ही शिस्त ‘पूर्वपक्ष’ या नावाने आपल्याकडे चालत आली. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ चार्वाकमताने होतो, तो याच शिस्तीने.

या शिस्तीचे एक उदाहरण विशेष बोलके आहे. जयराशी भट्टाने ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथात सर्वच दर्शनांची प्रमाणे उखडून टाकण्याचा घाट घातला. जैनांचीही त्यातून सुटका नाही. तथापि या ग्रंथाची पोथी जपली गेली ती पाटण येथील जैनांच्या ग्रंथभांडारात! इ. स. १९४० मध्ये बडोद्याहून ती छापून निघाली, तीही पंडित सुखलालजी या जैन विद्वानाच्या सहसंपादनाखाली.

परंतु आपला सारा इतिहास इतका उदार नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म इ. स. १८५६ मध्ये कराडजवळील टेंभू गावी एका दरिद्री घरात झाला. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांची बुद्धी घडविली. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवांची कल्पना मनुष्याच्या मनात कशी उपजली याचा ऊहापोह केला, आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढून बालविवाह, केशवपन व असमंजस रूढी यांवर लेखणी चालविली. याला पुण्यातील सनातन्यांनी दिलेले उत्तर कोणते? आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. कुमारिलांना उत्तर द्यावयास उदयनांसारखा माणूस उभा राहिला. आगरकरांच्या वाट्याला मात्र तिरडी आली.

इंदूरचाही या कथेशी थोडा संबंध आहे. आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवीत, तेथील मतभेदांत शिवाजीराव होळकर महाराजांकडून मिळालेल्या देणगीचा विनियोग हाही एक वादविषय झाला होता. वाद पैशाच्या हिशेबाचा होता; शंकराच्या नावाने चाललेल्या राज्याने आगरकरांच्या आस्तिक्याची परीक्षा घेतल्याचे मात्र ऐकिवात नाही.

येथे दुसरा प्रश्न येतो. देव नाही, तर नीती कशाच्या आधारावर उभी राहणार? आगरकरांचे उत्तर असे की, मनुष्याचे सुख वाढविते आणि दुःख कमी करते ते नीतीचे. त्यासाठी स्वर्गाचे आमिष नको आणि नरकाचे भयही नको. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, यावर वाद होऊ शकेल. परंतु उत्तर देणाऱ्याचे आचरण पाहिले पाहिजे. उच्च परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या बेतात असता, मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी आईला पत्राने कळविले आणि अल्प वेतनावर शिक्षकाचे व्रत पत्करले. पत्नी यशोदाबाई देवधर्म पाळणाऱ्या. त्यांच्या पूजाअर्चेच्या आड आगरकर आले नाहीत. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, निवर्तले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैशाची पुरचुंडी बाजूला बांधून ठेवली होती, असे सांगतात.

त्याच महाविद्यालयात १९१२ ते १९१८ पर्यंत पाली भाषा शिकविणारे धर्मानंद कोसंबी हे तर आमच्या कोंकणी वाचकांच्या घरचेच. गोव्यातील साखवाळच्या सारस्वत कुळात ते जन्मले. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून देशोदेशी हिंडले आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात बौद्ध झाले. जगत्कर्ता न मानताही करुणा आणि शील यांचा मार्ग आखता येतो, हे बुद्धाचे सांगणे त्यांनी मराठीत आणले. इंदुरापासून जवळच्या महू छावणीत १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपुरास लाखो अनुयायांसह तोच मार्ग स्वीकारला. इकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वेदशास्त्र शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ‘धर्मकोशा’चे संपादन करीत होते आणि ‘जडवाद’ हा ग्रंथही लिहीत होते. धर्मशास्त्राचा व्यासंग आणि ईश्वराविषयीची शंका एकाच माणसात नांदू शकतात, याचा हा आपल्या डोळ्यांसमोरचा दाखला.

तथापि तिरडीची रीतही संपलेली नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. आपला विरोध देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे, श्रद्धाळूंच्या श्रद्धेला नाही, असे ते वारंवार सांगत असत. ही हत्या म्हणजे कोणत्याही आक्षेपाचे उत्तर नव्हे. तिच्यामुळे आस्तिक्यपक्ष काडीइतकाही बळकट झाला नाही.

तेव्हा मंदिराच्या आश्रयाने राहणाऱ्या आपणांस काय करता येईल? मुलाचा प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. उत्तर ठाऊक असल्यास द्यावे, नसल्यास जाणत्याकडे त्याला न्यावे. त्याला आरतीला बळेच उभे करू नये, आणि प्रसादाच्या पंक्तीतून उठवूही नये. आईच्या देवघराची टवाळी त्यानेही करू नये, अशी अपेक्षा आपण जरूर ठेवावी. आगरकरांनी ती आपल्या घरात पाळलेली आहे.

उदयनाचार्यांविषयी एक आख्यायिका आहे. जगन्नाथपुरीस दर्शनाला गेले असता मंदिराचे दार उघडेना, तेव्हा त्यांनी देवालाच सुनावले की, बौद्ध चालून आले म्हणजे तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते! असा हा देवाचा अभिमानी वकील. त्याने ‘न्यायकुसुमांजली’च्या अखेरीस जी प्रार्थना केली, ती मात्र प्रतिपक्षासाठी आहे. एवढ्या युक्तिवादानंतरही ज्यांच्या अंतःकरणात तुला जागा मिळत नाही, ती माणसे कठीण हृदयाची खरी; तरीही विरोधासाठी का होईना, ती तुझेच चिंतन अहोरात्र करीत असतात; म्हणून हे दयाळा, यथाकाल त्यांनाही तूच तार, असा तिचा भाव आहे. ज्याने ईश्वरासाठी आयुष्यभर वाद केला, त्याने वाद संपल्यावर नास्तिकासाठी देवाजवळ मागितले ते एवढेच.