मोटारीच्या कपाळावरचा आकडा

दसऱ्याच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एकूणएक गाड्या अंघोळ करून उभ्या राहतात. हँडलला झेंडू, चाकाखाली लिंबू, आणि कपाळावर, म्हणजे नंबरच्या पाटीवर, हळदकुंकवाची बोटे. हार इतका ऐसपैस असतो की, कोणत्याच गाडीचा नंबर वाचता येत नाही. तेवढा एक दिवस पोलीसही कानाडोळा करतात. एरवी मात्र ही पाटी वाचता आलीच पाहिजे, यासाठी सरकारांनी सव्वाशेहून अधिक वर्षे जो खटाटोप चालवला आहे, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १४ ऑगस्ट १८९३ रोजी तिथल्या पोलीसखात्याने हुकूम काढला की, मोटारगाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेली पाटी हवी. टांगेवाला कोणाला ठोकरून पळाला तरी घोड्यावरून, निदान त्याच्या शिव्यांवरून, चार माणसे त्याला ओळखणारी निघत. मोटार धूळ उडवून जाई आणि मागे राही तो वास! १८९८ मध्ये हॉलंडने सबंध देशासाठी क्रमांक काढले. न्यूयॉर्कने १९०१ मध्ये मालकाच्या नावाची आद्याक्षरे गाडीवर लावा, एवढेच सांगितले. पाटी ज्याची त्याने करायची. कोणी ती कातड्याची केली, कोणी लोखंडाची. एकाच आद्याक्षरांचे गावात किती जण निघतील, हा विचार तिथल्या शहाण्यांना आधी कसा सुचला नाही, नकळे.

इंग्लंडात १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १ जानेवारी १९०४ पासून अमलात आला. सरकारने वेगाची मर्यादा ताशी २० मैलांपर्यंत वाढवून दिली, आणि बदल्यात गाडीवर क्रमांक लावायला सांगितले. आपल्या गाडीला भाड्याच्या गाडीसारखा बिल्ला लावायचा, हे पुष्कळ बड्या लोकांना रुचले नाही. पण गंमत पाहा! लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक मिळावा म्हणून अर्ल रसेल (तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचे थोरले बंधू) यांनी रात्रभर कचेरीपाशी तिष्ठत काढली, असे सांगतात. म्हणजे ज्या पाटीची लाज वाटायची, तिचाच दिमाख पहिल्याच दिवसापासून सुरू झाला. आज आपल्याकडे आवडीच्या आकड्यासाठी लोक हजारो-लाखो रुपये मोजतात, त्यांचे मूळपुरुष हे!

आपल्याकडे सबंध हिंदुस्थानासाठी मोटारींचा कायदा १९१४ मध्ये झाला, पुढे १९३९ मध्ये दुसरा, आणि सध्याचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ ला लागू झाला. तेव्हापासून महाराष्ट्राची गाडी ‘एमएच’ झाली. गोव्याच्या गाड्यांवरचे ‘जीडी’ जाऊन ‘जीए’ आले. आम्ही मुले महामार्गाच्या कडेला बसून नऊ म्हणजे कोल्हापूर, बारा म्हणजे पुणे, पंधरा म्हणजे नाशिक, असे गाड्यांचे गाव ओळखण्याचा खेळ खेळत असू. भूगोलाचे तेवढेच मार्क पदरात पडले.

कायद्याखालचे नियम मोठे काटेकोर आहेत. मोटारीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. खासगी गाडीची पाटी पांढरी, भाड्याच्या वाहनाची पिवळी. अक्षरे इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी वळणाचेच. या शेवटच्या कलमाचा मला फार राग होता. मराठी शिकवणाऱ्या मास्तराने, आणि त्यातून दोन-चार कादंबऱ्या लिहिलेल्याने, आपल्या स्कूटरवर परकी अक्षरे का मिरवावीत? मी पेंटरकडून बाळबोध वळणाची सुरेख पाटी रंगवून घेतली होती. दोनदा दंड भरला, तोही ताठ मानेने.

मग आठ-नऊ वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या सातवीच्या एका मुलाच्या सायकलला बेळगावच्या रस्त्यावर एका जीपने उडवले. पोराचा पाय मोडला. जीप थांबली नाही. पाहणारा एकच, समोरून आलेल्या ट्रकचा कानडी ड्रायव्हर. बिचारा थांबला, मुलाला दवाखान्यात पोचवले आणि आठवत होता तो नंबर सांगितला: अठ्ठ्याण्णव एकोणसत्तर. पोलिसांनी त्या नंबरची गाडी शोधली, तर तो निघाला कोणा फूलवाल्याचा टेंपो, आणि त्या दिवशी तो जागचा हललाही नव्हता.

पुढे एकदा फळ्यावर पाढे लिहिताना मी मध्येच थबकलो. आपला एक म्हणजे इंग्रजीतला नऊ! आपला चार त्यांच्या आठासारखा, आणि सात सहासारखा. ड्रायव्हर खोटे बोलला नव्हता. त्याने १४७१ पाहिले होते आणि आपल्या परीने वाचले होते. मी चौकीवर जाऊन सांगितले. पण तोवर तीन महिने लोटले होते, आणि पुढची अक्षरे तर त्या माणसाला मुळीच लागली नव्हती. जीप सापडली नाही. त्याच संध्याकाळी मी स्कूटरची पाटी बदलली.

पाटी नुसती वाचता येऊन भागत नाही, खरीही असावी लागते. २०२५ च्या जानेवारीत मुंबईत ताजमहाल हॉटेलाजवळ एकाच नंबराच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या! एकाने कर्जाच्या वसुलीतून गाडी वाचवण्यासाठी आपल्या नंबरातला एक आकडा बदलला होता, आणि त्याच्या दंडाच्या पावत्या खऱ्या मालकाच्या घरी येत होत्या. कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, पाटी दिसते. ती सांगेल त्याच्या नावे पावती फाटते. म्हणूनच अॅल्युमिनियमची, अशोकचक्राचा चकचकीत शिक्का असलेली, एकदा बसवली की मोडल्यावाचून न निघणारी पाटी आली. तिचा नियम २००१ चा, पण नव्या गाड्यांवर ती कारखान्यातूनच येऊ लागली १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली, मग ती वाढवली, आणि पुन्हा वाढवली. आपल्या लोकांचा स्वभाव सरकारला ठाऊक आहे. वरच्यांचीही सुटका नाही. राष्ट्रपती-राज्यपालांच्या मोटारींवर नंबराऐवजी राजमुद्रा असे. त्यांनाही नंबर लावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले.

माझ्या स्कूटरलाही नवी पाटी बसली आहे. पेंटरने रंगवलेली ती जुनी पाटी टाकवली नाही. पुस्तकांच्या फळीमागे ठेवली आहे. अक्षर खरेच सुरेख आहे. तो मुलगा आता कॉलेजात जातो. पावसाळ्यात पाय दुखतो म्हणाला.