वही गेली, मोबाईल आला. पण आपला हिशेब आता राहते कुठं?

दर्यापूर (प्रतिनिधी) : दहा-पंधरा वर्षांआधी तूर घेऊन बाजार समितीत गेलं की अडत्याजवळ लाल कापडाच्या पुठ्ठ्याची वही राहायची. हर्रास झाला, मापाऱ्यानं वजन केलं, की वहीत आपलं नाव चढायचं. हिशेबात गडबड वाटली तर "वही उघडा" म्हणता यायचं. आता बऱ्याच दुकानात अडत्या मोबाईलवर बोट फिरवते, आपल्या व्हॉट्सॲपवर पट्टी येते आणि चुकारा खात्यात जमा होतो. काम झटपट होते, यात वाद नाही. पण वही उघडा म्हणावं तर वहीच नाही. मग हा हिशेब लिहिला कुठं, आणि उद्या भांडण झालं तर दाखवायचा कोणाले? गावात बरेच कास्तकार हे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड म्हणजे ढग. आपल्याले ढग म्हटलं की पाऊस आठवते, पण याचा आभाळाशी काही संबंध नाही. मोठमोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवलेले असतात, त्याले हे नाव पडलं. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथं अशी केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत. दुकानदार, बँका, सरकारी खाती आपला हिशेब अशा कॉम्प्युटरवर भाड्यानं ठेवतात. काही खात्यांचे स्वतःचे कॉम्प्युटर आहेत.

वखार महामंडळाचं गोदाम आठवा. तूर आपली, गोदाम त्यांचं, भाडं आपलं आणि हातात फक्त पावती. इथंही तसंच. मोबाईल म्हणजे पावती, माल गोदामात. मोबाईल फुटला तर माल जात नाही. पण पावती दुसऱ्याच्या नावानं फाडली असेल तर माल काढताना पंचाईत होते. हा मुद्दा पुढं येतोच.

आधी दुकानात एकच कॉम्प्युटर राहायचा. तो बिघडला, व्हायरस आला की वर्षाची उधारी गेली. आता मालक लग्नाले नागपूरला गेला तरी तिथून दुकानातली विक्री पाहते. खाताबुक, ओके क्रेडिट यासारख्या ॲपवर किराणावाल्याने उधारी लिहिली की गिऱ्हाइकाच्या नंबरवर मेसेज येऊ शकते. हे मेसेज वाचत जा. "मी एवढं तेल नेलंच नाही" हे त्याच दिवशी सांगितलं तर मिटते, दिवाळीले सांगितलं तर भांडण होते.

कृषी केंद्रावरचा अंगठा

युरियाची बोरी घेताना कृषी सेवा केंद्रवाला आधार नंबर मागते आणि लहान मशिनवर अंगठा घेते. ही पद्धत २०१८ पर्यंत देशभर लागू झाली. यात कंपनीले सरकारी अनुदान मिळते ते माल दुकानात पोहोचल्यावर नाही, तर मशिनवर विक्री चढल्यावर. म्हणून सर्व्हर बंद असला की खत गोदामात दिसते तरी दुकानदार "थांबा भाऊ" म्हणते. दरवेळी तो साठाच करून बसला असते असं नाही. मात्र आपल्या आधारवर किती बोऱ्या चढल्या याची पावती मागायला लाजू नका. दोन नेल्या आणि पाच चढल्या, तर ते आपल्याच नावावर राहते.

दुकानातल्या बोलणाऱ्या डब्याचंही तेच. त्यात स्वतःचं सिम असते. गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर काय दिसते त्याच्याशी त्याचा संबंध नाही. पैसे खरंच आले अशी खबर कंपनीच्या सर्व्हरवरून आली की डबा बोलते. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे फिरतात, त्यामुळं पानठेलेवाल्यांनी डबा बोलल्याशिवाय किंवा आपल्या खात्यात पाहिल्याशिवाय माल देऊ नये.

कापूस आणि दुसऱ्याचा नंबर

सगळ्यात मोठा बदल कापसात झाला. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, २०२५-२६ च्या हंगामासाठी 'कपास किसान' ॲप आणलं. नोंदणी १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली, पुढं मुदत वाढवली. त्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याले क्विंटलमागं ७,७१० आणि लांब धाग्याले ८,११० रुपये होता. कापसात ओल ८ टक्क्यांपर्यंत असली तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. ॲपवर नोंदणी करायची, तारीख बुक करायची, त्या दिवशी गाडी न्यायची आणि चुकारा आधार जोडलेल्या बँक खात्यात. केंद्रासमोर दोन-दोन रात्री गाडीखाली झोपणं कमी व्हावं हा हेतू चांगलाच आहे.

माझंच सांगतो. नोंदणीच्या दिवशी माझ्या सिमचा रिचार्ज संपलेला होता. तालुक्याच्या एका केंद्रावर गेलो, तर तिथल्या पोरानं घाईत त्याचाच नंबर टाकला. मलेही वाटलं, काम झालं ना, झालं. मग तारीख बुक करायची वेळ आली तेव्हा समजलं, ओटीपी त्याच्या मोबाईलवर जाते. त्याले फोन केला तर तो उचलेना; दुसऱ्या दिवशी कळलं की साक्षगंधाले गेला होता. तोवर त्या आठवड्याच्या तारखा भरल्या. घरात जागा नव्हती, मजुरांचे वेचाईचे पैसे द्यायचे होते. शेवटी काही कापूस खेडा खरेदीवाल्याले कमी भावात मोजून दिला. चूक अर्धी त्याची, अर्धी माझी. नुकसान मात्र पुरं माझं.

म्हणून पहिली गोष्ट हीच. कोणत्याही नोंदणीत नंबर आपला किंवा घरातल्या माणसाचा द्या. आणि तो नंबर जिवंत ठेवा. ९० दिवस सिम काहीच वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या माणसाले मिळते. मग आपले ओटीपी त्याच्याकडं.

रेंजच नसली तर?

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली. पटवाऱ्याची वाट न पाहता आपणच बांधावरून पिकाचा फोटो टाकायचा. पण चिखलदरा, धारणी तालुक्यात कित्येक ठिकाणी टेकडीवर चढल्याशिवाय रेंज लागत नाही. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्टची मदत होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी त्याच गावाचा व्हिडिओ सभेत लावून कारभाराची पोल खोलली, त्यावर मोठा वाद झाला. राजकारण सोडा. रेंज आणि वीज नसली तर क्लाऊड आपल्या कामाचा नाही, एवढं मेळघाटातला माणूस कोणापेक्षाही चांगलं सांगू शकते.

आणि मोठी गोदामंही बंद पडतात. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या केंद्रात बिघाड झाला तर जगभरातली कितीतरी ॲप काही तास बंद पडली. तेव्हा काटापट्टी, सौदापट्टी, खताचं बिल कागदावर मागाच. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागते. कागदाची सही-शिक्क्याची पावती त्यापेक्षा सोपी.

व्हॉट्सॲपवर आलेल्या पट्ट्यांचा फोटो काढून गूगलवर ठेवता येते. फुकट जागा १५ जीबी मिळते. ती लग्नाच्या व्हिडिओनं भरली की नवीन काही चढत नाही. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते मिटवू शकते. खात्याचा पासवर्ड घरात एका वहीत लिहून ठेवा, पण केंद्रवाल्याजवळ ठेवू नका.

शेवटचं, अनुदानाची यादी किंवा पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाईल आली तर उघडू नका, मग ती पाठवणारा आपला सोयरा का असेना. त्याचाही मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात गेला असू शकते. पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० वर फोन लावा, मग बँकेत जा.