राव्हेन्ना : एका दिवसाच्या अभ्यासफेरीतील गॉथांचा शोध

इटलीच्या ईशान्य भागात, एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या सखल किनाऱ्यालगत वसलेले राव्हेन्ना हे नगर एका दिवसात पाहून होण्यासारखे आहे. पाचव्या व सहाव्या शतकांतील तेथील आठ ख्रिस्ती वास्तूंची १९९६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. कलेतिहासाचा विद्यार्थी सकाळी लवकर निघाला, तर सायंकाळपर्यंत त्यांपैकी बहुतेक वास्तू त्याच्या नजरेखालून जातात. तथापि या नगरीवर सुमारे अर्धशतक ज्यांनी राज्य केले ते गॉथ त्याला कोठे भेटतात, हा प्रश्न त्याने दिवसभर मनाशी बाळगला, तर या फेरीला निराळेच वळण लागते. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. इ. स. ४०२ मध्ये सम्राट होनोरिउस याने पश्चिम रोमन साम्राज्याची राजसभा मिलानहून राव्हेन्नाला हलविली. सभोवतीच्या दलदलीमुळे नगराला नैसर्गिक संरक्षण होते आणि क्लासे हे बंदर जवळच होते. ४७६ मध्ये ओडोएसरने पश्चिमेचा सम्राट रोमुलुस ऑगस्टुलुस यास पदच्युत केले. ४९३ मध्ये पूर्व गॉथांचा राजा थिओडोरिक याने ओडोएसरचा वध करून राव्हेन्ना आपली राजधानी केली. थिओडोरिक ५२६ मध्ये निधन पावला व ५४० मध्ये जस्टिनियनचा सेनापती बेलिसारिउस याने नगर जिंकून घेतले. गॉथ ख्रिस्ती होते, परंतु आरियन पंथाचे. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, असे मानणारे हे मत ३२५ मध्ये निकीया येथील धर्मपरिषदेने त्याज्य ठरविले होते. त्यामुळे थिओडोरिकच्या काळी राव्हेन्नात दोन धर्मसंस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. प्रत्येकीचा बिशप वेगळा, मुख्य चर्च वेगळे आणि बाप्तिस्मागृहही वेगळे होते.

सुदैवाने ही दोन्ही बाप्तिस्मागृहे उभी आहेत, आणि विद्यार्थ्याने सकाळचा वेळ त्यांनाच द्यावा. निकीयापंथीयांचे बाप्तिस्मागृह आधीचे आहे. त्यातील कुट्टिमचित्रे पाचव्या शतकाच्या मध्यास बिशप निओन याच्या कारकिर्दीत पुरी झाली. आरियनांचे बाप्तिस्मागृह थिओडोरिकच्या राजवटीतील. दोन्ही वास्तू अष्टकोनी आहेत. दोहोंच्या घुमटाच्या मध्यभागी ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, शेजारी मानवरूप घेतलेली यार्देन नदी आणि भोवती बारा प्रेषितांची मिरवणूक, अशीच योजना आहे. येथे विद्यार्थ्याला एक मोह पडतो. पहिल्या घुमटातील ख्रिस्ताला दाढी आहे, दुसऱ्यातील ख्रिस्त कोवळा व श्मश्रुहीन आहे. पुत्राला गौण मानणाऱ्या पंथाने त्याला अल्पवयीन दाखविले, असे अनुमान यावरून सहज सुचते.

परंतु हे अनुमान टिकत नाही. निओनच्या घुमटातील ख्रिस्ताचे मस्तक एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात नव्याने घडविलेले आहे, त्यामुळे पाचव्या शतकाचा पुरावा म्हणून ते पुढे करता येत नाही. शिवाय थिओडोरिकनेच बांधविलेल्या सांत अपोल्लिनारे नुओव्हो या चर्चमध्ये चमत्कारप्रसंगांतील ख्रिस्त श्मश्रुहीन, तर दुःखभोगाच्या प्रसंगांतील ख्रिस्त दाढी असलेला आहे. उलट सान व्हिताले हे निकीयापंथीयांचे चर्च असूनही तेथील वेदीमागच्या कमानीत विराजमान झालेला ख्रिस्त तरुण व दाढीविरहित आहे. सारांश, चित्रावरून पंथ ओळखता येत नाही. दोन्ही समाज एकाच चित्रपरंपरेचा उपयोग करीत होते. भेद होता तो वास्तूच्या स्वामित्वात, धर्माधिकाऱ्यांत आणि उपासनेच्या भाषेत.

हा निष्कर्ष मनात ठेवून विद्यार्थ्याने सांत अपोल्लिनारे नुओव्होमध्ये प्रवेश करावा. थिओडोरिकच्या राजवाड्यालगतचे हे चर्च. त्याच्या मध्यदालनाच्या दोन्ही भिंतींवर कुट्टिमचित्रांचे तीन पट्टे आहेत. सर्वांत वरच्या पट्ट्यात ख्रिस्तचरित्रातील २६ प्रसंग, मधल्यात शुभ्र वस्त्रे ल्यालेल्या पुरुषाकृती आणि खालच्यात एका बाजूला २६ हुतात्म्यांची व दुसऱ्या बाजूला २२ कुमारिकांची मिरवणूक. कुमारिका क्लासे बंदरापासून निघतात, हुतात्मे राजवाड्यापासून. राजवाड्याच्या चित्रावर ‘पालातिउम्’ हे लॅटिन नाव आहे. त्याच्या खांबांमधील मोकळ्या जागी पडदे लोंबताना दिसतात. ते पाहून पुढे जाणाऱ्याने क्षणभर थांबून खांबांकडे निरखून पाहावे. पांढऱ्या खांबांवर हात दिसतात. कोठे मनगट, कोठे बोटे. त्यांना जोडलेली शरीरे मात्र नाहीत. पडद्यांच्या जागी पूर्वी माणसे होती. ती काढून टाकताना खांबांवर आलेले त्यांचे हात तसेच राहून गेले.

सुमारे ५६१ मध्ये जस्टिनियनच्या आज्ञेने आरियन धर्मसंस्थेची मालमत्ता निकीयापंथीयांच्या हाती आली. आर्चबिशप आग्नेल्लुस याने हे चर्च संत मार्टिनच्या नावे केले आणि खालचा पट्टा बदलून घेतला. हुतात्म्यांच्या अग्रभागी आज संत मार्टिनच उभा आहे. पाखंडमतांचा विरोधक अशी त्याची ख्याती होती. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, वरच्या दोन पट्ट्यांना या फेरफारात हात लागला नाही. ती चित्रे आरियन राजाने आरियन उपासकांसाठी करविली होती. तरीही नव्या मालकांना त्यांत काही खुपले नाही. खुपला तो राजा व त्याचा परिवार. धर्मशुद्धीच्या नावाखाली घडलेला हा फेरफार प्रत्यक्षात राजकीय स्मृतीचा होता, असे म्हणणे त्यामुळे प्राप्त होते. संत मार्टिनची निवड पंथीय हेतूची साक्ष देते, हे खरे. परंतु पंथीय हेतू केवळ नव्याने जोडलेल्या भागात दिसतो. जे काढले गेले ते राज्यकर्त्यांचे होते.

दुपारी सान व्हितालेमध्ये याच घटनेची दुसरी बाजू दिसते. मुगुट धारण केलेला जस्टिनियन आणि त्याच्या समोरच्या भिंतीवर थिओडोरा ही जगप्रसिद्ध चित्रे येथील. त्या दोघांनी राव्हेन्नात कधी पाऊल टाकले नाही. जस्टिनियनच्या चित्रात एकाच व्यक्तीचे नाव लिहिलेले आहे : माक्सिमिआनुस, ज्याच्या हस्ते ५४७ मध्ये या चर्चची प्रतिष्ठापना झाली तो आर्चबिशप. एका चर्चमधून राजा वगळला गेला, दुसऱ्यात कधी न आलेला सम्राट प्रतिष्ठित झाला. परंतु वेदीमागील चित्रात चर्चची प्रतिकृती हाती घेऊन उभा असलेला बिशप एक्लेसिउस नजरेआड होऊ नये. या वास्तूचा आरंभ त्याच्या कारकिर्दीत, म्हणजे ५३२ पूर्वी, गॉथांच्या अमलाखालीच झाला. राज्यकर्त्यांच्या पंथाहून भिन्न पंथाचे इतके भव्य चर्च त्यांच्याच राजधानीत उभे राहू लागले होते, ही गोष्ट गॉथांना केवळ रानटी ठरविणाऱ्या लेखनात बहुधा आढळत नाही.

आता भाषेचा प्रश्न. दिवसभर पाहिलेल्या चित्रांतील नामलेख लॅटिनमध्ये आहेत. गॉथिकमधील अक्षर तेथे भेटत नाही. आणि तरीही ही भाषा लिहिली जात होती. चौथ्या शतकात वुल्फिला याने तिच्यासाठी लिपी सिद्ध करून बायबलचे भाषांतर केले. जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईने लिहिलेली शुभवर्तमानांची एक पोथी सहाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा राव्हेन्नातच, तयार झाली. मुळातील ३३६ पानांपैकी १८७ पाने आज स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आहेत. आणखी एक पान १९७० मध्ये जर्मनीतील श्पायर येथे सापडले.

याहूनही बोलका पुरावा नेपल्स येथे जतन केलेल्या पपायरसावरील एका खताचा आहे. ५५१ मध्ये, म्हणजे नगर पडल्यावर अकरा वर्षांनी, राव्हेन्नातील गॉथांच्या संत अनास्तासिआ या चर्चच्या धर्माधिकाऱ्यांनी दलदलीची काही जमीन १८० सुवर्णनाण्यांना विकली. त्यांतील १२० नाणी कर्जरूपाने आधीच घेतलेली होती. हाती आली ती ६०. खत लॅटिनमध्ये आहे, बहुतेक सह्याही लॅटिनमध्ये आहेत. परंतु चौघांनी, म्हणजे एक पुरोहित, एक डीकन व दोन लेखनिक यांनी, गॉथिकमध्ये मजकूर लिहून सही केली आहे. या मजकुरात सहकाऱ्यांसाठी ‘गाह्लैबा’ हा अस्सल गॉथिक शब्द येतो; त्याचा मूळ अर्थ ‘एका भाकरीचे वाटेकरी’. कर्जरोख्यासाठी मात्र ‘काउत्स्योन्’ हा लॅटिनमधून घेतलेला शब्द आहे. सोबत्यांचे नाते आपल्या भाषेत, देणेघेणे दुसऱ्यांच्या भाषेत, अशी ही विभागणी आहे. या समाजातील लॅटिनीकरण चर्चच्या जप्तीपूर्वीच बरेच पुढे गेले होते, हे त्यावरून दिसते. भाषेचा ऱ्हास राजाज्ञेने एकाएकी झाला, असे समजण्यास आधार नाही. जमीन विकून कर्ज फेडणारी ही संस्था दहा वर्षांनी उरलेल्या मालमत्तेसही मुकली, एवढे मात्र निश्चित आहे.

सायंकाळी नगराबाहेरील थिओडोरिकच्या समाधीपाशी फेरी संपते. इस्त्रियातून आणलेल्या दगडाची ही दुमजली वास्तू आहे. तिचे छत म्हणजे दहा मीटरांहून अधिक व्यासाची एकच अखंड शिळा. आत लाल पॉर्फिरीचे एक रिकामे पात्र आहे. विद्यार्थ्याने येथे आपल्या टिपणांचे तीन भाग करावेत : जे शिल्लक आहे ते, जे बदलले गेले ते आणि जे अन्यत्र गेले ते. पहिल्या भागाने कलेचा इतिहास लिहिता येतो. गॉथांचा इतिहास लिहावयाचा तर खांबांवरचे हात आणि नेपल्समधील चार सह्या यांना त्या भव्य छताइतकेच मोल द्यावे लागते. पराभूत समाजाविषयी आपले विधान कितपत खरे ठरते, हे पुष्कळदा अशा लहानशा पुराव्यांवरच अवलंबून असते.