मुळशीचे मावळे आणि मुंबईचे दिवे

दिवाळी हा दिव्यांचा सण. अशा सणाच्या दिवशी कुणाच्या घरचा दिवा कसा विझला याची हकिगत सांगणे रीतीला सोडून आहे, असे कुणी म्हणेल. पण आपल्या खेड्यांत वसुबारसेची पहिली पणती गोठ्यात लागते. ज्याच्या कष्टावर घर चालते, त्याच्यापुढे आधी उजेड, अशी ही जुनी समजूत आहे. तीच समजूत धरून मी आज मुळशी पेट्याच्या मावळ्यांची गोष्ट सांगणार आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा वाचकांनी माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. एका मास्तराने समजावून सांगितलेली हकिगत, एवढेच याचे मोल.

सेनापती बापटांचे नाव आमच्या मुलांना रस्त्यामुळे ठाऊक असते. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मुंबईतही आहे. परंतु हे कोणत्या सैन्याचे सेनापती, असे विचारले की वर्ग गप्प होतो. एखादा हुशार मुलगा पेशव्यांचे नाव घेतो. खरी गोष्ट अशी, की पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांना ही पदवी कोणत्या दरबाराने दिली नाही. मुळशीच्या लंगोटी नेसणाऱ्या शेतकऱ्यांच्या लढ्यात ती त्यांना लोकांनी दिली, आणि जन्मभर त्यांच्या नावाला चिकटून राहिली.

पुण्याहून पौडच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले, की पिरंगुट आणि पौड मागे टाकून रस्ता सह्याद्रीच्या कुशीत शिरतो. तिथे एक लांबरुंद तळे लागते. पावसाळ्यात पुण्यामुंबईची मंडळी ते पाहायला मोटारी घेऊन जातात, कणसे खातात, ताम्हिणी घाटातले धबधबे पाहून परततात. त्या तळ्याच्या जागी शंभर वर्षांपूर्वी भाताची खाचरे होती. मुळा आणि निळा या दोन नद्यांच्या संगमाचे ते खोरे. पाऊस असा, की छत्री ही वस्तू तिथे थट्टेची वाटावी. खाली खाचरांत आंबेमोहोर, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. पिढ्यान् पिढ्या दगड रचून, माती वाहून बांध घालून ही खाचरे तयार झाली होती. असे खाचर बाजारात विकत मिळत नाही. आजा बांध घालतो, बाप तो भरतो, आणि नातवाला त्यात पीक येते.

आता दुसरी बाजू पाहू. कारण ती ऐकल्याशिवाय या लढ्यातील खरी अडचण कळणार नाही. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दगडी कोळशावर चालत. कोळसा महाग, तो दूरवरून आणावा लागे, आणि गिरणगावावर धुराचे छप्पर. सह्याद्रीवर इतके पाणी पडते, ते अडवून कोकणात उंचावरून सोडले तर त्यातून वीज होईल, हे स्वप्न जमशेटजी टाटा पाहत होते. ते १९०४ साली वारले. पण त्यांच्या मुलांनी ते तडीस नेले. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी खोपोलीला सोडून १९१५ साली वीज निघू लागली. आंध्र खोऱ्याची दुसरी योजना भिवपुरीला उभी राहात होती. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठी १९१९ साली नवी कंपनी निघाली.

म्हणजे मुळशीकरांचा सामना एखाद्या गोऱ्या मळेवाल्याशी नव्हता. कंपनी स्वदेशी, मालक देशाभिमानी, काम मोठे, आणि मुंबईतल्या कितीतरी घरांना त्याचा लाभ. लोकमान्यांनी उभा जन्म ज्या स्वदेशीचा पुरस्कार केला, तिचेच हे फळ आहे, असे म्हणणारी शहाणी माणसे पुण्यातही होती. परक्याशी भांडताना मन एकाग्र असते. आपल्याच माणसाशी न्यायासाठी भांडायचे म्हणजे मनाचे दोन तुकडे होतात. मुळशीच्या प्रश्नाने महाराष्ट्राच्या मनाचे तसे दोन तुकडे केले.

धरणाखाली पन्नासच्या वर गावे आणि सुमारे ११ हजार माणसे येणार होती. त्यांना ही वार्ता कशी कळली? कुणी कागद घेऊन घरी आले नाही. शेतात कंपनीची माणसे दिसू लागली आणि चर खणू लागली, तेव्हा कळली. एका शेतकऱ्याने आपल्या रानात चर खणायला हरकत घेतली, तेव्हा कंपनीच्या गोऱ्या इंजिनियराने त्याच्यावर पिस्तूल रोखले, अशी हकिगत नोंदलेली आहे. बिचाऱ्याचे म्हणणे एवढेच असेल, की बाबा, खणण्याआधी विचारायचे तरी!

आणि नेमके हे 'विचारणे'च कायद्यात नव्हते. १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा होता. त्यातल्या एका भागानुसार लोकोपयोगी कामासाठी सरकार खाजगी कंपनीलाही जमीन मिळवून देऊ शकत असे. मालकाला मोबदला मिळे. पण 'देतोस का' हा सवाल त्यालासुद्धा नव्हता. 'किती घेशील' एवढाच होता. मग जो मालकच नाही त्याची काय कथा!

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण गोष्टीची गाठ इथे आहे. मुळशी पेट्यातली पुष्कळ जमीन कर्जापायी सावकारांकडे गेली होती. त्यांतले बरेचसे पुण्यात राहात. कागदावर नाव सावकाराचे, चिखलात पाय कुळाचे. कूळ खंड घालत असे आणि उरलेल्यावर गुजराण करत असे. जमीन बुडाली तर सावकाराच्या हाती रोख रक्कम पडणार होती, आणि डोंगरातल्या खाचरापेक्षा रोख रक्कम त्याला गोड होती. कुळाच्या हाती मात्र काही पडणार नव्हते. त्याचे घर जाणार, देव जाणार, गुरांचे रान जाणार, आणि सरकारी दप्तराच्या दृष्टीने त्याचे काहीच गेलेले नसणार! एकाच खाचराचे दोन धनी, आणि दोघांचे हित एकमेकांच्या उलट. मुळशीचा लढा हरला तो पुढे याच फटीतून.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मुळशीला सुमारे १२०० मावळे जमले आणि त्यांनी धरणाच्या कामावर ठाण मांडले. लोकमान्यांना जाऊन वर्षही झाले नव्हते. असहकाराचे वारे देशभर वाहत होते. पुण्याहून बापट, विनायकराव भुस्कुटे अशी मंडळी येऊन मिळाली होती. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. हत्यार नाही, शिवीगाळ नाही. कामाच्या जागी बसायचे, उचलून नेले की पुन्हा येऊन बसायचे. ज्यांच्या पूर्वजांनी शिवछत्रपतींच्या शब्दावर गड चढले, ते मावळे आता आपल्याच बांधावर नुसते बसून लढत होते. कादंबरीकार म्हणून मला वाटते, की चढाईपेक्षा हे बसणे अवघड.

गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त यावर लिहिले. कायद्याने आपला हक्क आहे यावर टाटांनी अडून बसू नये, लोकांशी प्रत्यक्ष बोलून त्यांचे मन वळवावे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. कंपनीने काम सहा महिने तहकूब केले. मावळ्यांना वाटले, जिंकलो! पावसाळा आला, भाताची लावणी झाली. पण त्या तहकुबीच्या आड कंपनी आणि सरकार स्वस्थ बसले नव्हते. वर्ष सरता सरता काम पुन्हा सुरू झाले, आणि या खेपेस कायद्याचा बडगा बरोबर होता. पकडापकडी सुरू झाली. पुरुषांबरोबर बायाही तुरुंगात गेल्या. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे साठीच्या उंबरठ्यावर असताना याच लढ्यापायी तुरुंगात गेले.

मग हळूहळू फट रुंदावली. जमीनमालकांनी मोबदल्याची घासाघीस सुरू केली. पुढाऱ्यांतही मतभेद झाले : लढा धरण नकोच यासाठी, की पुरेशी भरपाई मिळावी यासाठी? पैशावर बोलणी आली, की ज्याच्या नावावर कागद त्याचीच बोलणी चालणार. कूळ बिचारे दाराबाहेर उभे. मोबदल्याचा दर ठरत गेला तसा लढ्याचा पाया खचत गेला.

शेवटी बापट जवळजवळ एकटे पडले. पुन्हा पुन्हा तुरुंग भोगून आलेला हा मनुष्य. तरुणपणी एडिंबरोला शिकायला गेला आणि पॅरिसात बाँबची विद्या शिकून आला. पुढे पारनेरात हाती झाडू घेऊन गाव साफ करू लागला. अशा माणसाला हार मान्य होणे कठीण. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या मजुरांची गाडी अडवली, आणि या वेळी त्यांच्या हाती शस्त्रे होती. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते १९३१ साली सुटले. निःशस्त्र बसण्याने आरंभलेल्या लढ्याचा असा शेवट व्हावा, हे मला आवडत नाही. पण इतिहास मास्तराच्या आवडीने चालत नसतो. शांतपणे सांगितलेले कुणी ऐकले नाही, म्हणजे भला मनुष्यही कोठवर जातो, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

धरण झाले. १९२७ साली घाटाखाली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. जी मुळा पुण्याला येऊन मुठेला मिळते, तिचे माथ्याचे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळले, आणि सुमारे ५०० मीटर खाली कोसळून कुंडलिकेत जाऊ लागले. मुंबईत दिवे लागले, गिरण्या फिरल्या. त्या विजेने पुष्कळांचे भले झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मावळे पांगले. काहींनी तळ्याच्या काठी, वरच्या उतारावर पुन्हा झोपड्या घातल्या.

मग ही सारी धडपड वाया गेली काय? वर्गात मुले हेच विचारतात. मी त्यांना दोन साल फळ्यावर लिहून देतो. पहिले १९७६ : त्या वर्षी महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि उठवलेल्या माणसाला नुसते पैसे नव्हे, जागाही द्यावी लागते हे मान्य झाले. दुसरे २०१३ : त्या वर्षी १८९४ चा जुना कायदा रद्द करून संसदेने नवा केला. खाजगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल, तर शंभरातल्या ८० बाधित कुटुंबांची संमती हवी, असे त्यात लिहिले आहे; आणि मोबदला व पुनर्वसन ठरवताना कुळे आणि शेतमजूरही बाधितांत मोजायचे आहेत. रामनवमीला मावळ्यांनी विचारलेल्या सवालाची कायद्यात नोंद व्हायला ९२ वर्षे लागली. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

तथापि कागदावर आलेली गोष्ट उंबरठ्यावर येतेच असे नाही. मुळशीचे पाणी घेऊन वाहणारी कुंडलिका पुढे रोह्याला जाते. तिथे रासायनिक कारखान्यांची वसाहत झाली, आणि तिच्या सांडपाण्याच्या तक्रारी काठच्या गावांनी वर्षानुवर्षे केल्या. खुद्द मुळशी तालुक्यात पौडच्या रस्त्याला कारखाने आले. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळच्या उरवड्यात एका रसायनाच्या कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार होरपळून मेले. त्यांत बहुतेक बाया होत्या. वास्तविक भोपाळच्या १९८४ च्या अनर्थानंतर, १९८७ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झालेली आहे : धोक्याच्या कारखान्याने आत काय आहे, त्याचा अपाय काय आणि त्यावर उपाय काय, हे कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगितलेच पाहिजे. मोठ्या प्रकल्पांसाठी १९९७ पासून जाहीर जनसुनावणीची तरतूद आहे. पण सुनावणीची नोटीस वाचतो कोण? ती वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, पंचायतीच्या फळ्यावर लागते, आणि पावसात भिजून गळून पडते.

मुळशीच्या मावळ्यांना अक्षरओळख नव्हती, कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता, आणि त्यांना कुणी नोटीस दिली नव्हती. तरी ते सवाल करायला गेले. आपल्या घरातली मुले लिहितात, वाचतात, इंग्रजी बोलतात. गावाच्या शिवेवर नवा कारखाना, नवी वसाहत, नवे धरण येणार असे कानी आले, तर ग्रामसभेला जाऊन चार साधे प्रश्न त्यांनी विचारावेत : इथे काय होणार? त्याचे पाणी आणि धूर कुठे जाणार? आग लागली तर बाहेर पडायची वाट कोणती? आणि ज्यांच्या नावावर कागद नाही, त्यांना कुणी विचारले आहे काय? या प्रश्नांनी कारखाना बंद पडणार नाही. पडला तर तो बंद पडण्याच्याच लायकीचा होता, असे समजावे.