पान, भरण आणि आकार : चिरुटापासून आपट्याच्या विडीपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-चार जणांनी आम्हाला विचारलंच, की पेण-रोह्याचा आणि सिगारचा काय संबंध? इथे भात पिकतो, मीठ पिकतं, पोहे-पापड होतात, गणपती घडतात. तंबाखूची शेती काही इथली नाही. प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही तंबाखूपासून सुरुवात न करता पोह्यांपासून करतो.

पेण-रोह्याच्या माणसाला पोहे शिकवायला नकोत. एकाच भाताचे जाडे पोहे काढा आणि पातळ पोहे काढा. भात एक, गिरणी एक. पण जाडे पोहे भिजायला वेळ घेतात, दाताखाली येतात. पातळ पोहे ओल्या खोबऱ्याच्या ओलाव्यावरच मऊ पडतात, म्हणून दडप्याला तेच लागतात. चवीतला फरक भातामुळे नाही, जाडीमुळे आहे. माल तोच, आकार बदलला की चव बदलली. आजचं बोलणं एवढ्या एका गोष्टीवर आहे. फक्त तिला आणखी एक प्रश्न जोडायचा आहे : हा आकार ठरवतं कोण, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

आता सिगारकडे वळू. चांगल्या सिगारचे तीन भाग असतात. आत भरण, म्हणजे लांब पानं एकत्र गोळा केलेली. त्यावर बांधणीचं पान. आणि सगळ्यात वर वेष्टण, गुळगुळीत, न फाटलेलं, शिरा न दिसणारं. हे तिन्ही तंबाखूचंच. भरणातही एकाच प्रकारचं पान नसतं. झाडाच्या तळाचं पान पातळ आणि सौम्य, ते चटकन जळतं. मधलं पान सुगंधाचं. शेंड्याचं पान ऊन खाऊन जाड आणि तिखट झालेलं, ते हळू जळतं. क्युबातले लोक त्यांना अनुक्रमे व्होलाडो, सेको आणि लिगेरो म्हणतात. या पानांचं प्रमाण म्हणजेच मिश्रण.

पण तेच प्रमाण सगळ्या आकारांना चालत नाही. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. रोबुस्तो नावाचा आखूड, जाड सिगार साधारण ५० मापाचा असतो, म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर. लान्सेरो नावाचा लांब, सडपातळ सिगार ३८ मापाचा, म्हणजे १५ मिलिमीटर. शाळेतलं वर्तुळ आठवा. घेर व्यासाच्या प्रमाणात वाढतो, पण आतली जागा व्यासाच्या वर्गाने वाढते. म्हणून तेवढ्याच लांबीत रोबुस्तोच्या पोटात लान्सेरोच्या पावणेदोन पट भरण मावतं, आणि वेष्टण मात्र सुमारे एक तृतीयांशच जास्त लागतं. याचा अर्थ काय? जाड सिगारमध्ये भरण बोलतं, बारीक सिगारमध्ये वरचं पान बोलतं.

दुसरं असं, की शेंड्याचं जाड पान हळू जळतं म्हणून ते बरोबर मधोमध ठेवावं लागतं. कडेला ठेवलं तर सिगार एका अंगाने जळत जातो. बारीक सिगारमध्ये त्या पानाला मधे जागाच कमी. मग कारागीर काय करतो? बारीक आकारासाठी तिखट पान कमी करतो, कधी काढूनच टाकतो, आणि मधल्या पानांनी तोल सांभाळतो. म्हणजे एकाच नावाखाली विकले जाणारे जाड आणि बारीक सिगार चवीला सारखे नसतात, ते दोन कारणांनी. एक तर पान आणि भरण यांचं प्रमाण आपोआप बदलतं. आणि दुसरं, करणारा मिश्रणच बदलतो.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणू.

तंबाखू अमेरिकेची. ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली पोर्तुगीजांनी. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा. तिथे पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये कोट बांधायला घेतला आणि १७४० पर्यंत ते तिथे होते. त्या काळात दख्खनच्या दरबारांत तंबाखू पोचली होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. परत जाताना, १६०४ च्या सुमारास, त्याने तंबाखू आणि रत्नं जडवलेली नळी बादशहापुढे ठेवली. उत्तरेच्या दरबारात तंबाखू गेली ती दख्खनमधून, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली. ती किती पाळली गेली हे आजच्या पानटपऱ्या सांगतात.

गुंडाळून ओढायची तंबाखू आपल्याला चिरूट या नावाने माहीत आहे. हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, अर्थ गुंडाळी. त्रिचनापल्ली आणि दिंडिगलचे चिरूट एकोणिसाव्या शतकात विलायतेत जात. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कथेत गुन्हेगाराची खूण पटते ती त्रिचनापल्लीच्या राखेवरून. चिरुटाची दोन्ही टोकं सपाट कापलेली, सिगारचं एक टोक बंद. पण चिरूटसुद्धा साहेबाच्या आणि कचेरीतल्या मोठ्या माणसाच्या तोंडातली वस्तू. सगळीच तंबाखू, म्हणून महाग.

गरिबाने काय केलं? वेष्टण तंबाखूचं ठेवलंच नाही. रानातलं पान घेतलं. ती विडी.

ही छोटी गोष्ट नाही, बरं का. सिगारमध्ये पान आणि भरण एकाच घरातले. विडीत पान परकं. आणि त्या पानाचा वाटा मोठा. एका विडीत तंबाखू साधारण पाव ग्रॅमच्या आसपास. त्यावर गुंडाळलेल्या पानाचं वजन तंबाखूच्या बरोबरीला येतं, कधी जास्तच भरतं. मघाचा हिशेब इथे लावा. लान्सेरोमध्ये वरचं पान बोलतं म्हणालो, मग विडी तर त्याहून कितीतरी बारीक. तिथे पान नुसतं बोलत नाही, ओरडतं. म्हणूनच विडी ओढणारा 'तंबाखू कुठली' याआधी 'पान कुठलं' विचारतो.

आणि इथे कोकण येतं. देशावर आणि विदर्भात विडीचं पान म्हणजे तेंदू, टेंभुर्णी. आपल्या रानात विड्यांसाठी वापरली गेली ती आपट्याची आणि कुंभ्याची पानं. आपट्याचं पान दसऱ्याला सगळ्यांनी हातात घेतलेलं आहे. दोन पाळ्यांचं, लहान, चिवट. त्यातून होणारी विडी लहानच होणार. कुंभ्याचं पान वीतभर लांब, त्यातून हवी तेवढी लांब विडी कापता येते. इथे आकार कारागिराने ठरवलेला नाही, झाडाने ठरवला. रानातून पान आणायचं, सुकवायचं, बाजारातली तंबाखू चिमूटभर भरायची आणि ओढायची. तंबाखू विकतची, पान फुकटचं. साहजिकच तंबाखू कमी आणि पान जास्त. चव पानाची.

घरातल्या बायकांनी तर पानही ठेवलं नाही. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी केली आणि दाताला लावली. तीही आपल्याच मुलखातली.

मग टेंभुर्णी सगळीकडे का पसरली? ते पान सुकलं तरी तडकत नाही, गुंडाळीला मऊ राहतं, आणि गोंदिया-भंडारा ते जबलपूर या पट्ट्यातल्या जंगलात अमाप मिळतं. रेल्वेमुळे पानांची पोती देशभर जाऊ लागली. १९०५ नंतर स्वदेशीच्या वाऱ्यात विलायती सिगारेट टाकून विडी ओढणं हे देशकार्यच ठरलं. सिन्नर, सोलापूर, अहमदनगर, निपाणी, कामठी ही विड्यांची गावं झाली. तंबाखू येई मुख्यतः दोन ठिकाणांहून, गुजरातच्या आणंद-खेडा भागातून आणि निपाणी पट्ट्यातून. या दोन्हींचं मिसळण प्रत्येक कारखानदाराचं वेगळं, आणि ते गुपित. आपट्याची विडी घरापुरती राहिली. दुकानात आली ती टेंभुर्णीची.

दुकानातल्या विडीला एकसारखा आकार लागतो. त्यासाठी पत्र्याचा साचा आला. बाई पान भिजवते, साचा ठेवून कात्रीने कापते, सुपात तंबाखू घेते, चिमटीने भरते, वळते, तोंड दुमडते, दोरा बांधते. दिवसभर बसून हजारभर विड्या. मजुरी हजारावर.

मंडळी, आता मघाचं प्रमाण पुन्हा आठवा. पान आणि भरण यांचं. सिगारमध्ये हे प्रमाण चवीसाठी ठरतं. विडीत ते ठेकेदाराच्या तराजूवर ठरतं. हजार विड्यांसाठी ठरावीक पान आणि ठरावीक तंबाखू मोजून मिळते. पानं फाटकी, भोकं पडलेली निघाली तर हजार भरत नाहीत. मग बाई पदरचे पैसे घालून पान आणते. तंबाखू कमी पडली तर विडी सैल किंवा बारीक होते. सैल विडी ओढताना विझते, बारीक विडीत पानाचाच धूर जास्त. संध्याकाळी तपासणीला बसलेला माणूस ती बाजूला काढतो. तिला 'छाट' म्हणतात. छाटीची मजुरी नाही, आणि किती तरी ठिकाणी ती विडी बाईला परतही मिळत नसे. ती वेगळी विकली जाई. ओढणाऱ्याला जी 'वेगळी चव' लागते, तिची भरपाई अशी वळणाऱ्या बाईच्या मजुरीतून होत आली.

१९६६ साली केंद्राने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. कायद्याच्या नावातच विडी आणि सिगार शेजारी बसलेत. त्यात कच्चा माल किती दिला आणि किती विड्या छाटल्या, याबद्दलच्या तंट्यांसाठी स्वतंत्र तरतूद होती. म्हणजे पान आणि भरणाचा हिशेब संसदेपर्यंत गेला होता. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या. त्यांच्यावर दीपा धनराज आणि सहकाऱ्यांनी 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, तो १९८२ चा. त्याच निपाणीत १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. पिकवणारा आणि वळणारी, दोघंही एकाच वस्तूच्या दोन टोकांना.

आणि आकार ठरवणारा तिसरा माणूस म्हणजे सरकार. आपल्याकडे सिगारेटवरचा कर वर्षानुवर्षं लांबीवर लागत आलाय. ६५ मिलिमीटरपर्यंत एक दर, ७० पर्यंत दुसरा, ७५ पर्यंत तिसरा. मग ६५ च्या किंचित आत बसणाऱ्या सिगारेटी निघणारच. हाताने वळलेल्या विडीवर मात्र कर कायम हलका राहिला, कारण लाखो बायकांची चूल त्यावर. आणि तेच कारण पुढे करून विडी स्वस्त राहिली, गरिबाच्या हातात राहिली.

इथे चिठ्ठीवर एक प्रश्न आलाय. 'एवढं चवीचं सांगताय, हा तंबाखूचा प्रचार नाही का?'

प्रश्न चांगला आहे. उत्तर असं. पानाची विडी नैसर्गिक, म्हणून कमी अपायकारक, हा समज आमच्याही घरात होता. तो खोटा आहे. टेंभुर्णीचं पान कागदासारखं सच्छिद्र नाही. विडी विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे तंबाखू पाव ग्रॅम असूनही निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही, उलट जास्तही मिळतं. म्हणजे तेच प्रमाण, पान जास्त आणि भरण कमी, जे चव ठरवतं, तेच छातीचंही नुकसान ठरवतं. आणि वळणाऱ्या बाईच्या घरात ती भुकटी दिवसभर उडते. न ओढताही ती श्वासात जाते.

दुसरी चिठ्ठी रोह्याहून आलेल्या एका मुलीची आहे. 'आमच्या आजोबांच्या आपट्याच्या विडीची आठवण कशी जपायची?' बेटा, झाड ओळखून ठेव. आजोबा ते पान कुठून आणत, कोणत्या महिन्यात, कसं सुकवत, दोरा कसला बांधत, हे घरातल्या मोठ्यांना विचार आणि वहीत लिहून ठेव, नाव-गाव-तारखेसकट. विडी गेली तरी चालेल, बरंच झालं म्हणू. पण कोणी विचारलं की इथल्या माणसाने परक्या तंबाखूला स्वतःचं पान कसं चढवलं, तर उत्तर द्यायला काहीतरी हातात हवं. तुमच्यापैकी कोणाकडे अशा आठवणी असतील तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला भेटा. आम्ही वही घेऊन बसलोय.